जानेवारीत तंजावरला चलाच

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई "जेवलात का, पाऊस आहे का, चिऊचं पोट बरं आहे ना" याच्या पुढे सरकत नाही, म्हणून आज तंजावरहून सरळ कागद घेऊन बसले. चिऊ आणि तिचा बाबा दिवसभर पायपीट करून गाढ झोपलेत. आई, आधी तुझी उत्तरं: जेवलो, पाऊस आहे, पोट उत्तम आहे.

आपल्याकडचा पाऊस परत फिरला की इथला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचे वारे बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतात, आणि तामिळनाडूच्या या किनारपट्टीचा खरा पावसाळा तोच. दिवाळीच्या सुट्टीत छत्र्या घ्यायला लावल्या म्हणून तुमचे जावई कुरकुरत होते. पहिल्याच दुपारी गप्प झाले.

माझं काम गिरणीतलं. कलर सॉर्टर बसवून, तो लावून द्यायचा. तांदूळ वरून पन्हळीतून घसरत येतो, कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात आणि काळा, डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतात. आई, तू ताटात तांदूळ पसरून निवडतेस तेच, फक्त भलत्या वेगात. इथे जास्त करून उकडा तांदूळ असतो. तो मुळातच पिवळसर, त्यामुळे पांढऱ्या तांदळाचं सेटिंग त्याला लावलं की यंत्र चांगलेच दाणे फेकायला लागतं. मग मी स्टुलावर बसते, बाद झालेल्या मालातून मूठ मूठ उचलून तळहातावर पसरते आणि त्यात चांगले किती गेले ते बघते. मालक माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे राहतात. उकडल्याचा वास कपड्यांतून जात नाही. चिऊ म्हणते, आईला भाताचा वास येतो.

सध्या कुरुवै, म्हणजे इथल्या कमी दिवसांच्या पिकाच्या, हंगामाचं भात येतंय आणि सगळ्यांचा जीव ओलीत अडकलाय. सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते. या पावसात ती राखायची कशी? म्हणून जरा ऊन पडलं की शेतकरी भात थेट डांबरी रस्त्यावर पसरतात. अर्धा रस्ता भाताचा, अर्ध्यात आपली रिक्षा. रिक्षावाला हॉर्नसुद्धा न वाजवता कडेकडेने हळू जातो. मला ते फार आवडलं.

कामासाठी मी कितीतरी गावं फिरले, पण गाव म्हणून त्यांतलं एकही आठवत नाही. स्टेशन, लॉज, गिरणी, लॉज, स्टेशन. एकटीला देऊळ बघायला जायचाही कंटाळा येतो. या वेळी ही दोघं सोबत आहेत, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला गिरणीतून सुटले की दोघं गेटवर उभीच असतात आणि मला ओढून नेतात.

बृहदीश्वराचं देऊळ तुम्ही फोटोत बघितलंय, पण फोटोत त्याचा आवाका कळत नाही. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० साली पुरं झालेलं, शिखर सुमारे ६६ मीटर, आणि सगळं ग्रॅनाइट. आजूबाजूला बघावं तर नुसती गाळाची जमीन, दगडाचं नाव नाही! एवढा दगड लांबून ओढून आणला असणार. इथे एक ठरलेली गोष्ट सांगतात, की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. एका गृहस्थांनी ती चिऊला मोठ्या कौतुकाने सांगितली. ढग फाटून तिरपं ऊन आलं होतं, आणि चिऊ नेमकी सावलीत उभी होती. तिने पायाखाली बघितलं, वर शिखराकडे बघितलं आणि विचारलं, "मग ही कोणाची?" गृहस्थ हसत पुढे गेले. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावली शिखराच्या पायऱ्यापायऱ्यांवरच राहते, त्यातून ही गोष्ट निघाली असावी. पण मंदिराला अशा चमत्काराची काही गरज नाही.

बाबा, आता मुद्द्याचं. त्याच देवळाच्या आवारात, नैऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीवर आपल्या भाषेत, देवनागरीत, भोसल्यांचा सगळा वंशेतिहास कोरलाय. इथल्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. भिंतीमागून भिंत वाचत जायचं. चिऊने 'राजे' शोधायचा चंग बांधला आणि प्रत्येक 'राजे' सापडला की ओरडायची. मी मात्र तारखांपाशी अडकले. व्यंकोजीराजांनी इथे राज्य उभं केलं ते शिवाजी महाराजांच्या हयातीतच, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. पण १७९९ च्या तहाने सरफोजीराजांचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने काढून घेतला, त्यांच्याकडे किल्ला आणि नेमणूक तेवढी उरली. आणि त्यानंतर चारच वर्षांत ते घराण्याचा इतिहास दगडात कोरून घेतात, तोही आठशे वर्षं जुन्या चोळांच्या देवळात. मला यात भक्तीपेक्षा बेरकीपणा जास्त दिसला. कागद कंपनी उचलून नेईल, ही भिंत कशी नेणार? तुमचं मत वेगळं असेल, मला माहीत आहे. तेच ऐकायचंय.

राज्य गेल्यावर हा माणूस ग्रंथांच्या मागे लागला. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या, युरोपातून मागवलेली पुस्तकं, वैद्यकावरचं बाड. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदीसुद्धा चित्रांसकट ठेवल्यात. प्रदर्शनाच्या दालनात माणसांचे चेहरे जनावरांसारखे काढलेली फ्रेंच चित्रं आहेत. बैलासारखा माणूस, घुबडासारखा माणूस. चिऊ एकेका चित्रापुढे थांबून आपल्या ओळखीतलं कोण ते ठरवत होती. कोणाचं नाव कुठे लागलं ते लिहीत नाही, आत्याबाई हे पत्र वाचतील.

आणि बाबा, तिथे मोडी आहे. मराठा दरबारच्या कागदांचे रुमालच्या रुमाल, कापडात बांधलेले गठ्ठे. सगळे काही प्रदर्शनात मांडलेले नाहीत, पण एक-दोन पानं काचेखाली दिसली. मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि मला एक ओळ लागली नाही. भूमी अभिलेखमध्ये तुम्ही जन्मभर मोडी वाचलीत, अजूनही लोक जुने फेरफार घेऊन तुमच्या पडवीत येतात, आणि तुम्ही मात्र "आता माझं काय बघायचं राहिलंय" म्हणून बसता! जमीन, इनामं, देवळांची नेमणूक, खर्चाचे हिशेब, सगळा तुमच्याच हाताखालून गेलेला मजकूर, फक्त गावं कावेरीकाठची.

बाकीचं थोडक्यात. दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ बघितलं. लहान आहे, कोरीवकाम जास्त बारीक आहे, आई, तुला बृहदीश्वरापेक्षा हेच आवडेल. कावेरीवरचा कल्लणै बंधाराही बघितला. करिकाल चोळाने बांधला म्हणतात, आज त्यावर इंग्रजांच्या काळातलं बरंच काम आहे, पण पाणी वाटून देण्याचं त्याचं काम अजून चालू आहे. तिथे आम्ही मुसळधार पावसात भिजलो.

तर आता ऐका. सांबा हंगामाचं भात जानेवारीअखेर कापणीला येतं, तेव्हा मला इथे यावंच लागणार. पाऊस थांबलेला असतो, ऊन सोसण्यासारखं असतं. चिऊची शाळा असेल, त्यामुळे तुम्ही दोघं माझ्याबरोबर या. चेन्नईपर्यंत विमान आणि तिथून एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस, सकाळी तंजावर. खालचे बर्थ मिळाले तरच तिकिटं काढीन. देवळाचं आवार सपाट आहे, चप्पल बाहेर काढावी लागते, त्यामुळे संध्याकाळीच जायचं, दुपारी फरशी भाजते. गाभाऱ्यापाशी पायऱ्या आहेत, तिथे बाबांनी नंदीपाशी बसायचं आणि आईने दर्शन घेऊन यायचं. गुडघ्याचं डॉक्टरांना या पंधरवड्यात विचारून घ्या. आई, तूच विचार. बाबा विचारतील ते "प्रवास टाळलेला बरा ना?" असंच.

रुमाल बघायचे तर ग्रंथालयाला आधी रीतसर अर्ज करावा लागेल. बाबा, मसुदा तुम्ही करा, टाइप मी करीन. कोणत्या सालांचे कागद हवेत ते तुम्हीच ठरवा. मी १७९९ ते १८०३ म्हणेन.

तुमची,
सोनू