घटस्फोट घेताना अठरा वर्षांवरच्या मुलांचाही विचार व्हावा

महोदय,

‘आई-वडील विभक्त असल्यास कळवू नये’ असे लग्नाच्या स्थळांबाबत आता सर्रास सांगितले जाते. काही वर्षांपूर्वी आईने माझे नाव एका वधू-वर सूचक मंडळात घातले, तेव्हा तिथल्या बाईंनी वडिलांच्या रकान्यात ‘नोकरीनिमित्त परगावी’ असे लिहायचा सल्ला दिला होता. मोडलेल्या घरातली मुलगी संसार टिकवणार नाही, ही त्यामागची भीती.

घटस्फोटितांच्या मुलांची लग्ने मोडण्याचे प्रमाण जास्त असते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र तिथलेच समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले की, ज्या घरांत सतत कडाक्याची भांडणे होती, तिथली मुले आई-वडील वेगळे झाल्यावर पुढे तुलनेने बरी राहिली. अशा घरांत आई-वडील एकत्रच राहिले, तेव्हा मुलांचे जास्त बिनसले. मला हे अनुभवाने पटते.

शाळेतून आले की मी आधी दारातल्या चपला बघायची. बाबांचे बूट दिसले की दप्तर जिन्यातच ठेवून शेजारी जायची. आमच्याकडच्या भांडणांत आरडाओरडा कमी आणि अबोला फार. तो आठवडेच्या आठवडे चाले आणि दोघे एकाच खोलीत असताना ‘तुझ्या बाबांना सांग, सिलिंडर संपलाय’ असे निरोप माझ्यामार्फत जात. ‘मुलीसाठी’ म्हणून हे माझ्या बारावीपर्यंत रेटले गेले. घटस्फोटानंतर घर हलके झाले. मैत्रिणींना मी त्यानंतरच घरी बोलावू लागले.

आता मी बत्तीस वर्षांची आहे आणि माझे लग्न मी स्वतः ठरवले आहे. माझा होणारा नवरा दमून आला की गप्प बसतो, एवढेच. पण माझ्या पोटात गोळा येतो. ‘काय झालं, माझं काही चुकलं का’ असे मी इतके विचारते की शेवटी तो खरेच वैतागतो. त्याच्या घरी त्याचे आई-बाबा आमटीतल्या मिठावरून तावातावाने भांडले, मी घाबरून उठले, आणि थोड्याच वेळात काकू काकांना विचारत होत्या, चहात आलं घालू का? भांडण संपतेही, हे मी तोवर पाहिलेच नव्हते. वेगळे होण्याने नव्हे, तर हे न शिकल्याने माझ्यासारख्यांचे नुकसान होते. ते नंतरही शिकता येते. मी एका समुपदेशक ताईंकडे जाऊन शिकते आहे, आणि तो माझ्यासोबत येतो.

पण लग्न ठरताच जुने सगळे पुन्हा सुरू झाले. पत्रिकेत दोघांची नावे शेजारी नकोत. बाबा कन्यादानाला बसणार असतील तर आई हॉलवर येणार नाही. बाबा मला फोन करून विचारतात, ‘ती काय म्हणाली?’ म्हणजे निरोप पोचवायला पुन्हा मीच!

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घेताना अटी लिहून दिल्या जातात. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, शिक्षणाचा खर्च, पोटगी, स्त्रीधन असे सगळे त्यात येते. ताबा आणि भेटी मात्र मूल अठराचे झाले की संपतात. मुलांची लग्ने, बाळंतपणे, आजारपणे त्यानंतरच येतात. कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. त्यांनी या अटी ठरताना दोघांना एवढे जरूर विचारावे : मुलांच्या लग्नात तुम्ही दोघे हजर राहाल ना? एकमेकांशी बोलायचे असेल तेव्हा मुलांना मध्ये न घालता थेट बोलाल ना? कायद्याने ते बंधनकारक होणार नाही, हे मला कळते. तरी दोघांच्या सहीचा तसा कागद आज माझ्याकडे असता, तर मी तो त्यांच्यापुढे ठेवू शकले असते.

– एक वाचक, पुणे