अंथरूण पाहून...

महोदय,
प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेतल्या खेळाडूंच्या पगारांचा विषय निघाला की लेस्टर सिटी या छोट्या क्लबची गोष्ट २०१६ पाशीच थांबते. सट्टेबाजांकडे ५००० ला १ असा भाव असताना मिळवलेले लीगचे विजेतेपद, कधीकाळी कारखान्यात राबलेला त्यांचा गोलवीर जेमी वार्डी, सगळे खरे. पण पुढचे कोण सांगणार? त्याच उन्हाळ्यात लेस्टरच्या कान्टेला चेल्सी क्लबने उचलले, २०१८ मध्ये महरेझला मँचेस्टर सिटीने, २०१९ मध्ये मॅग्वायरला मँचेस्टर युनायटेडने, तेही ८ कोटी पौंडांना. विकून तगायचे, हे तोवर जमत होते. मग बड्यांच्या पंगतीत बसायची हौस आली. २०२२-२३ मध्ये पगारखर्च क्लबच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला आणि त्याच हंगामात संघ खालच्या श्रेणीत गेला. संघातला टीलेमान्स तर करार संपल्याने फुकटात गेला!

खर्चाला लगाम घालणारे नियम हवेतच. पण खर्चाची मर्यादा क्लबच्या उत्पन्नावर ठरली, तर ७४ हजार प्रेक्षकांच्या ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाला, मोठे अंथरूण आणि ३२ हजारांच्या लेस्टरला चिंधी. पाय पसरायचे कुठे? मर्यादा सर्वांना एकच, ठरावीक रकमेची हवी. बडे क्लब कुरकुरतील, कुरकुरू देत.

– एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर