परत आणलेल्या दुर्बिणीबद्दल, सुध्याला

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की ऑर्फियससारखी एवढी मोठी दुर्बीण अंतराळात न्यायची, चार-सहा दिवस वापरायची आणि परत खाली आणायची, हा कसला उद्योग, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायलाच बसलो.

आधी हे बघ की ती दुर्बीण जो प्रकाश बघते, तो जमिनीवर आपल्यापर्यंत पोचतच नाही. एकदम तापलेले तारे, श्वेतबटू (इंधन संपून आक्रसलेले छोटे, तप्त तारे) वगैरे, यांचा बराचसा उजेड अल्ट्राव्हायोलेटमधे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जांभळ्यापलीकडच्या प्रकाशात असतो आणि तो आपली हवाच गिळून टाकते. हबल दुर्बीण आहे की हवेच्या वर, म्हणशील. पण हबलच्या आरशावर जो थर आहे तो साधारण ११५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाला नीट काम करत नाही, आणि खरी गंमत तर त्याच्याच खाली आहे! हायड्रोजनच्या रेणूच्या रेषा (प्रकाश रंगांमधे फाकवला की दिसणाऱ्या त्या-त्या पदार्थाच्या खुणा) तिथे, पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या रेषा तिथे (१०३ नॅनोमीटरच्या आसपास), म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेत थंड गॅस किती आणि लाखो डिग्री तापलेला किती, दोन्ही एकाच पट्ट्यात वाचता येतं.

तर जर्मनी आणि अमेरिकेने मिळून ऑर्फियस बनवली, एक मीटरचा आरसा, त्यावर इरिडियमचा मुलामा. सप्टेंबर १९९३ मधे डिस्कव्हरी शटलमधून गेली, त्याआधी उड्डाण किती वेळा पुढे ढकललं माहितीये? एकदा तर पर्सिड उल्कावर्षावाच्या भीतीने, आणि १२ ऑगस्टला इंजिनं पेटून उड्डाणाच्या तीन सेकंद आधी बंद पडली. वर गेल्यावर शटलच्या रोबोट हाताने तिला बाहेर सोडून दिलं, कारण शटलमधून गॅस सुटत असतो, आत माणसं हलत असतात, आणि इतक्या नाजूक आरशाला ते अजिबात चालत नाही. मग ती बिचारी एकटीच, स्वतःच्या बॅटरीवर, स्वतःच्या टेपवर ताऱ्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे असे फाकवलेले प्रकाशपट्टे, भरत राहिली, आणि सहा दिवसांनी शटलने जाऊन तिला परत उचललं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती परत आली म्हणूनच उपकरणं उघडून तपासता आली, सुधारता आली, आणि नोव्हेंबर १९९६ मधे तीच दुर्बीण कोलंबिया शटलमधून पुन्हा गेली, या वेळी जवळजवळ दोन आठवडे मोकळी फिरली. एरवी बहुतेक वेळा वर गेलेलं यंत्र म्हणजे गेलंच, बिघडलं तरी आपण खालून बघत बसायचं. मला तरी हा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो, खर्चिक असला तरी. पुढे १९९९ मधे फ्यूज नावाचा उपग्रह याच पट्ट्यात गेला आणि २००७ पर्यंत चालला, पण तोवर कुठे बघायचं आणि काय दिसेल याचा पक्का अंदाज या थोड्याशा दिवसांनी दिलेला होता. थोडे दिवस म्हणून त्यांना कमी लेखू नकोस रे.

आणि एक सांगू, आपल्या कॅटमधे (इंदूरचं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र, आता आरआरकॅट), म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, इंडस-१ आहे ना, इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश काढणारं यंत्र, ते साधारण याच जातीचा प्रकाश तयार करतं! तिथेसुद्धा तो हवेतून नेता येत नाही, अख्खा रस्ता निर्वात पाइपातूनच. जो उजेड बघायला त्यांना हवेच्या बाहेर जावं लागलं, तो आपल्या इंदुरात पाइपात फिरतोय, हे आठवलं की मला अजून भारी वाटतं यार.

ऑर्फियसचा डेटा नासाच्या मास्ट अर्काइव्हवर (दुर्बिणींच्या डेटाचा ऑनलाइन साठा) फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावा. दिवाळीत येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, एखाद्या श्वेतबटूचा स्पेक्ट्रम उघडून त्यातल्या रेषा ओळखत बसू. वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझाच,
मन्या