पाण्याची बंदूक निवडताना पल्ला नव्हे, मुलाचे हात पाहा

महोदय,

सुट्ट्या लागल्या की अंगणात मुलांच्या पाण्याच्या लढाया सुरू होतात. त्यासाठी बंदूक घेताना आपण मोठी माणसे खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे धारेचा पल्ला, पाहून निर्णय घेतो. हा आकडा दिशाभूल करणारा आहे आणि त्यापायी मुलांच्या हाती त्यांना न पेलणारे खेळणे पडते, असे माझे ठाम मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

धार सर्वांत लांब जाते ती बंदूक वर तिरकी रोखल्यावर. समजा पाणी सेकंदाला 12 मीटर वेगाने बाहेर पडते आहे. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर 45 अंशांच्या कोनात ते सुमारे 15 मीटरवर पडेल. पण तीच बंदूक जमिनीपासून एक मीटर उंचीवर आडवी धरली, तर तेच पाणी अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येते आणि साडेपाच मीटरही गाठत नाही. धावणारे, वाकणारे, झाडाआडून डोकावणारे मूल नेम धरते तो बहुतेक वेळा आडवाच. शिवाय लांब उडालेली बारीक धार वाटेतच फुटून तिचे तुषार होतात आणि समोरचा गडी कोरडाच राहतो. म्हणून अंगणात पाच-सहा मीटरपर्यंत भरीव धार देणारी बंदूक पुरेशी असते, त्यापलीकडचा आकडा केवळ खोक्याची शोभा वाढवतो.

त्यापेक्षा वजनाचा विचार आधी करावा, कारण पाणी जड असते. अडीच लिटरची टाकी भरली की अडीच किलो पाणी आणि वर बंदुकीचे स्वतःचे वजन, एवढा भार सहा-सात वर्षांच्या मुलाने दोन्ही हातांनी उचलून पळायचे असते. दुकानात रिकामी बंदूक हातात घेऊन ‘हलकी आहे’ म्हणणे व्यर्थ होय. या वयाच्या मुलांना अर्धा ते पाऊण लिटरची टाकी पुरे होते. ती लवकर संपते हे खरे, पण बादलीकडे धावत जाऊन पुन्हा भरून आणण्यात लढाईची निम्मी गंमत असते आणि ज्याची टाकी संपली आहे त्याला पळावे लागते, म्हणून खेळही समतोल राहतो. टाकी आरपार दिसणारी असावी, म्हणजे किती पाणी उरले ते कळते. बंदूक भडक रंगाची असावी, म्हणजे ती खेळण्यातली आहे याबद्दल दुरून पाहणाऱ्यालाही शंका राहत नाही. भरण्याचे तोंड रुंद आणि झाकण बंदुकीला जोडलेले असणे मला पल्ल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण सुटे झाकण गवतात हरवले की तेवढ्यासाठी चांगले खेळणे अडगळीत जाते.

बंदुकीच्या आतली रचना समजून घेतली, तर निवड सोपी होते. सर्वांत साधा प्रकार दट्ट्याच्या नळीचा. ती बादलीत बुडवून दट्ट्या मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. बिघडण्यासारखे तीत फारसे काही नसते आणि लहानग्यांसाठी तीच उत्तम. दुसऱ्या प्रकारात चाप ओढला की प्रत्येक वेळी थोडेसे पाणी उडते. हिचा जोर बेताचा असतो आणि चाप कडक असेल तर लहान बोटे लवकर दमतात. तिसऱ्या प्रकारात पंपाने हवा दाबून ठेवायची आणि चाप ओढताच त्या दाबाने सलग धार सुटते. हा प्रकार लोकप्रिय झाला तो अमेरिकी अभियंता लॉनी जॉन्सन यांच्यामुळे. 1982 मध्ये ते पाण्यावर चालणाऱ्या एका उष्मापंपावर प्रयोग करत असताना तोटीतून सुटलेल्या जोरदार धारेवरून त्यांना या खेळण्याची कल्पना सुचली. 1990 मध्ये हे खेळणे ‘पॉवर ड्रेंचर’ या नावाने बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी ‘सुपर सोकर’ झाले. हवेच्या दाबाचा जोर पाणी कमी होत जाईल तसा ओसरतो. ही उणीव 1996 च्या ‘सीपीएस 2000’ या बंदुकीत ताणल्या जाणाऱ्या रबरी पिशवीने भरून काढली आणि धार शेवटपर्यंत जवळपास एकसारखी राहू लागली. तिचा जोर पाहता ही रचना मोठ्या मुलांसाठीच योग्य आहे.

एकाच टाकीत पाणी आणि दाबलेली हवा असणाऱ्या बंदुकीबाबत एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. मूल हौसेने टाकी काठोकाठ भरते, मग भराभर पंप मारते, आणि धार क्षणभर जोरात उडून लगेच लुळी पडते. दाबायला हवाच उरलेली नसते, हे त्याचे कारण. वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग मोकळा ठेवला, तर तीच बंदूक नीट चालते. पुन्हा भरण्यापूर्वी बंदूक गवताकडे रोखून चाप ओढावा, उरलेला दाब जाऊ द्यावा आणि मगच झाकण फिरवावे. दाब असताना झाकण उघडले तर ते तोंडावर उडू शकते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, डोळ्यांचा. जोरदार धार जवळून थेट डोळ्यावर बसल्यास कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, ओरखडा पडणे, डोळ्याच्या पुढच्या भागात रक्तस्राव होणे, क्वचित दृष्टिपटलाला इजा होणे, अशा दुखापतींची नोंद नेत्रवैद्यकात आहे. ‘पाणीच तर आहे’ या समजुतीवर कुणी विसंबू नये. खेळ सुरू होण्यापूर्वीच नेम खांद्याखाली, हाताच्या अंतरावरून धार सोडायची नाही आणि कुणी ‘थांब’ म्हटले की सर्वांनी थांबायचे, हे ठरवून घ्यावे आणि जो मोडेल त्याने तो डाव बाहेर बसावे. दाबाच्या बंदुका असतील तर पोहण्याचे चश्मे घालावेत. मार बसल्यावर डोळा चोळू नये. दुखणे थांबत नसेल, धूसर दिसत असेल किंवा डोळ्यात रक्त दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

पाणी स्वच्छ, साधे आणि गार असावे. गरम पाणी, साबण किंवा रंग त्यात कधीही घालू नये. खेळ गवतावर किंवा मातीवर घ्यावा, ओल्या फरशीवर नको. भरलेली बादली रांगत्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या बाळाजवळ क्षणभरही ठेवू नये, कारण इतकी लहान मुले बोटभर पाण्यातही बुडू शकतात. खेळ संपला की बादली मोठ्यांनी लगेच पालथी करावी.

बंदूक टिकणे न टिकणे बरेचसे आतल्या, पाणी आणि हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांवर अवलंबून असते. उरलेले पाणी काढून, झाकण उघडे ठेवून, सावलीत वाळवून ठेवली की आत बुरशी धरत नाही आणि रबर उन्हाने तडकत नाही. दट्ट्या घासू लागला तर थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे; पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगून खराब होते. धार अडखळू लागली, तर दोष बहुधा धारेच्या तोंडाशी अडकलेल्या वाळूच्या कणाचा असतो आणि बादलीत पाणी गाळून घेतले तर तोही टळतो.

आपल्या वृत्तपत्रामार्फत खेळणी बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, खोक्यावर पल्ल्याशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत भरलेल्या बंदुकीचे वजन, चेहऱ्यापासून राखायचे किमान अंतर आणि रबरी कड्यांचा आकार छापावा आणि त्या कड्या सुट्या विकत मिळतील अशी व्यवस्था करावी.

आपला विश्वासू,
एक पालक