पोगाचार दुसरा आला तेव्हा

प्रिय अविनाश,

'पोगाचार जिंकला नाही म्हणजे फसला' हा या स्लोव्हेनियन सायकलपटूबद्दलचा तुझा निवाडा मला अजिबात मान्य नाही. सायकल शर्यतीत पावणेदोनशे जण सुटतात आणि जिंकतो एक. त्यात प्रत्येक रस्ता एकाच माणसाला धार्जिणा कसा असेल?

इटलीतली मिलान-सान रेमो ही एकदिवसीय शर्यतच घे. 2022 ते 2025 या चार वर्षांत तो तिथे पाचवा, चौथा, तिसरा, पुन्हा तिसरा. 2025 पर्यंत टूर द फ्रान्स चारदा जिंकलेला गडी त्या वर्षांत तिथे अडला, कारण चढ पुरेसा नाही! शर्यत जवळजवळ 290 किलोमीटरची, पण शेवटचा चढ, पोज्जो, जेमतेम 3.7 किलोमीटरचा, सरासरी चढ चार टक्क्यांच्याही आत. तिथे वेग ताशी पस्तीसच्या वर असतो आणि निम्मी लढाई वाऱ्याशी होते. पुढच्याच्या चाकामागे दडलेला माणूस बरीच ताकद वाचवतो. आठ-नऊ टक्क्यांच्या लांब घाटात वेग पडतो, तो आडोसा जवळपास संपतो आणि वजनाच्या मानाने कोण किती वॉट काढतो एवढंच उरतं. तिथे तो राजा.

म्हणून 2025 मध्ये त्याने पोज्जोची वाट न पाहता त्याआधीच्या सिप्रेसा या चढावरच हल्ला चढवला. त्याच्यासोबत टिकले दोघेच, माथ्यू व्हान डर पूल आणि फिलिप्पो गाना. दोघेही अंगाने दणकट. शेवटच्या स्प्रिंटमध्ये व्हान डर पूलने बाजी मारली. यात डाव चुकला कुठे, सांग.

शिवाय 'हाच जिंकणार' या अपेक्षेचा भार संघावर पडतो. ब्रेकअवे, म्हणजे पुढे निसटलेली टोळी, पकडायचं काम मग बाकीचे संघ अंगावर घेत नाहीत. अशा शर्यतीत संघात सातच जण. त्याचे सहकारी तासन्‌तास पुढे ओढतात आणि ऐन वेळी संपलेले असतात.

2023 च्या टूरचंही तसंच. एप्रिलच्या अखेरीस बेल्जियममधल्या लिएजच्या शर्यतीत त्याच्या मनगटाचं हाड मोडलं, 1 जुलैला टूर सुरू. तयारीचे मोलाचे आठवडे गेले. पहिले दोन आठवडे त्याने डॅनिश प्रतिस्पर्धी व्हिंगेगोरला सेकंदांत झुंजवलं, मग कोल द ला लोझ या आल्प्समधल्या घाटात त्याची ताकद संपली. सात मिनिटांहून जास्त फरकाने दुसरा. लोकांनी फक्त तो फरक वाचला.

2025 च्या पॅरिस-रुबे शर्यतीचं तर विचारूच नकोस. दगडी रस्ते, त्यात हा हलका, पहिलाच प्रयत्न. शेवटच्या चाळीसेक किलोमीटरांत एका वळणावर घसरला, तरी दुसरा. मी तर ते त्याच्या कितीतरी विजयांच्या वर ठेवीन.

तुझा,
श्रीकांत