सहावी पायरी कुठे गेली?

मा. संपादक,
स. न.

नर्सिंग शिक्षणातील ‘रिफ्लेक्शन’वरचा, म्हणजे आपल्याच कामावर मागे वळून केलेल्या चिंतनावरचा, लेख कालच्या अंकात वाचला. एरवी कुणी ढुंकून न पाहणाऱ्या विषयाला आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण सोबतच्या चौकटीने फार निराशा केली. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चिंतनाच्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: काय घडले, काय वाटले, काय बरे-वाईट झाले, ते का झाले, निष्कर्ष काय आणि पुढच्या वेळी नेमके काय करणार. आपल्या चौकटीत पाचच आहेत. शेवटची, म्हणजे कृती आराखडा, गाळली आहे. छपाईतली चूक म्हणून सोडून दिले असते. पण विद्यार्थ्यांच्या चिंतनलेखनाच्या फायलींतूनही नेमकी हीच पायरी गळते, म्हणून हे पत्र.

अशा फायलींत हमखास सापडणारा प्रसंग घ्या. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचे आहे. सेटचा (सलाईनच्या नळीचा) ड्रॉप फॅक्टर २०, म्हणजे २० थेंबांचा १ मिली. १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटे: मिनिटाला साधारण ४२ थेंब. विद्यार्थिनीने सवयीने फॅक्टर १५ धरला आणि ३१ थेंब लावले. ८ तासांची बाटली पावणेअकरा तास चालली. चूक उलटी झाली, सेट १५ चा आणि हिशेब २० चा, तर तीच बाटली ६ तासांत रिकामी होते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत त्याने पाणी साचू शकते.

यावर फाईलमध्ये काय लिहिलेले असते? घटनेचे दीड पान वर्णन, मग ‘मला खूप वाईट वाटले’ आणि शेवटी ‘यापुढे काळजी घेईन’. त्याखाली शिक्षकांची सही. ‘काळजी घेईन’ हा कृती आराखडा नव्हे. काळजी ती त्या दिवशीही घेतच होती.

खरे काम ‘का झाले’ या प्रश्नात आहे. ड्रॉप फॅक्टर सेटच्या पाकिटावर छापलेला असतो आणि ते पाकीट लाईन जोडतानाच कचऱ्यात गेले. बाटलीच्या लेबलवर फॅक्टर लिहिलेला नव्हता. वॉर्डात दोन प्रकारचे सेट होते. पहिल्या तासानंतर कुणी पातळी पाहिली नाही; पाहिली असती तर १२५ मिलीऐवजी ९३ मिलीच गेले आहे हे तिथेच कळले असते. एवढे सुटे केले की आराखडा आपोआप हाती येतो. पाकीट टाकण्याआधी फॅक्टर लेबलवर लिहायचा. थेंब पूर्ण १ मिनिट मोजायचे. १५ सेकंद मोजून चौपट करायची नाही. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, कारण रुग्णाने हात दुमडला किंवा खाट वर-खाली केली की वेग बदलतो. बाटलीला पट्टी चिकटवून दर तासाची खूण करायची. दुसऱ्या दिवशी शिक्षक वॉर्डात उभे राहून हे झाले की नाही ते पाहू शकतात. ‘काळजी’ कशी तपासणार?

रिफ्लेक्शन म्हणजे रात्री वसतिगृहात बसून लिहायची वही, असाही लेखाचा सूर आहे. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शोन यांनी १९८३ मध्येच काम झाल्यावरचे चिंतन आणि काम चालू असतानाचे चिंतन असा फरक केला होता. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाची नाडी ८४ वरून ११८ झाली आहे, तो अस्वस्थ आहे, रक्तदाब मात्र अजून ठीक दिसतो. इथे ‘बीपी नॉर्मल’ अशी नोंद करून पुढच्या खाटेकडे न जाता, रक्तस्राव तर होत नाही ना या शंकेने ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतून स्राव बाहेर काढणारी नळी) आणि लघवीचे प्रमाण पाहणे आणि लगेच वरिष्ठांना कळवणे, हे ते दुसरे चिंतन. वहीत ‘का’ लिहायची सवय लागली की खाटेपाशी ‘का’ सुचते. वहीचा उपयोग त्यासाठी आहे.

प्रामाणिक लेखनाला जादा गुण द्यावेत, ही लेखातील सूचना तर कृपा करून कुणी अमलात आणू नये. भावनांना गुण ठेवले की मुली पश्चात्ताप रंगवून लिहितात आणि खरी चूक लपवून सोयीची निवडतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून परिचारिकांना नोंदणी टिकवण्यासाठी दर ३ वर्षांत ५ चिंतनलेख लिहावे लागतात आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी चर्चा करावी लागते. त्यांना गुण नसतात.

आणखी एक. लेखासोबत विद्यार्थिनीच्या वहीचे जे छायाचित्र छापले आहे, त्यात खाट क्रमांक, तारीख आणि निदान सहज वाचता येते. नाव नसले तरी एवढ्यावरून रुग्ण ओळखता येतो. चिंतनलेखनात यातले काहीही लिहायचे नसते, हे पहिल्याच तासाला शिकवायला हवे. चौकटीची दुरुस्ती उद्या-परवा छापलीत तरी चालेल. ते छायाचित्र मात्र ई-पेपरवरून आजच काढावे, ही विनंती.

– एक परिचर्या शिक्षिका