रक्ताचा कर्करोग उलटला की त्याच आठवड्यात भावंडांची तपासणी करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांतून ‘बोन मॅरोच्या ऑपरेशनसाठी मदतीचे आवाहन’ असे चौकोन अधूनमधून छापून येतात. फोटो, गाव, लागणारी रक्कम, बँकेचे खाते. गाव वणी तालुक्यातले असो की अहेरीकडचे, मजकूर साधारण सारखाच. त्यात दोन गोष्टी बहुतेक वेळा नसतात: आजार सध्या आटोक्यात आला आहे का, आणि दाता कोण ठरला आहे. रुग्णाचे पुढचे सारे या दोन उत्तरांवर पैशाइतकेच अवलंबून असते, म्हणून हे पत्र.

मुळात हे ऑपरेशन नाही, बोन मॅरोचे म्हणजे हाडांच्या मगजाचे प्रत्यारोपण आहे. रुग्णाला आधी जबर केमोथेरपी देतात, काहींना संपूर्ण शरीरावर रेडिएशनही देतात. मग दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींची दोन-तीनशे मिलीची पिशवी सलाईनसारखी शिरेतून चढवतात. पेशी आपल्या वाटेने हाडांच्या मगजात जाऊन बसतात. पण खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगात उरलेल्या कर्करोगाच्या पेशी परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. उलटलेल्या, म्हणजे एकदा दबून पुन्हा परतलेल्या ल्युकेमियात (रक्तपेशींच्या कर्करोगात) नुसती केमो सहसा टिकत नाही, आणि दुसऱ्याच्या पेशी लागतात त्या याच कारणाने.

प्रत्येक रक्तकर्करोगाला मात्र दाता लागत नाही. मायलोमात (मगजातील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) आणि पहिल्यांदा उलटलेल्या बऱ्याच लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) रुग्णाच्याच पेशी काढून, गोठवून परत देतात. सीएमएल हा संथ वाढणारा ल्युकेमिया बहुतेक जणांत गोळ्यांवर वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो हा: आजाराचा नेमका प्रकार कोणता, आणि पेशी कोणाच्या लागणार?

उलटलेल्या एएमएल आणि एएलएल या झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियांत क्रम असा असतो. पुन्हा केमो देऊन आजार आधी दाबायचा, मगजातील कर्करोगी पेशी पाच टक्क्यांच्या खाली आणायच्या, आणि त्या अवस्थेत प्रत्यारोपण करायचे. ही अवस्था फार काळ राहत नाही. आठवडे मिळतात, फार तर दोन-तीन महिने. घरची मंडळी नेमकी इथेच चुकतात: ‘आधी रिपोर्ट चांगला येऊ द्या, मग भावांचं रक्त तपासू.’ रिपोर्ट चांगला येतो, त्यानंतर नमुने जातात, दात्याच्या तपासण्या होतात, पैशांची जुळवाजुळव चालते, आणि तेवढ्यात आजार परत डोके वर काढतो. अंगात आजार भरलेला असताना केलेले प्रत्यारोपण टिकण्याची शक्यता खूपच कमी असते. म्हणून आजार उलटल्याचे कळले त्याच आठवड्यात भावंडांचे नमुने गेले पाहिजेत. जनुकीय तपासणीत आजार जास्त जोखमीचा निघाला, तर उलटण्याची वाट न पाहता पहिल्या निदानाच्या वेळीच पाठवावेत. मुलांच्या एएलएलमध्ये एक अपवाद आहे. उपचार संपून बराच काळ लोटल्यावर आजार उलटला असेल आणि केमोने तो झपाट्याने आणि खोलवर दबला, तर प्रत्यारोपणाशिवायही मूल बरे होऊ शकते. तो निर्णय बालरक्तरोगतज्ज्ञाचा.

जुळणी रक्तगटाची नसते, एचएलएची असते, म्हणजे शरीर आपले-परके ज्यांवरून ओळखते त्या पेशींवरच्या खुणांची. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. निम्मा संच आईकडून, निम्मा वडिलांकडून. त्यामुळे एका सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडे असतील तर किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४, तिघे असतील तर ५८ टक्के. तपासणीला काही मिली रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब पुरतो. नमुना कुरिअरने जातो, सगळ्या घराने मुंबई गाठायची गरज नसते. ‘ओ’चा दाता आणि ‘बी’चा रुग्ण असला तरी चालते. काही महिन्यांनी रुग्णाचा गटच दात्याचा होतो.

सख्खे भावंड जुळले नाही म्हणजे वाट संपली, हा समज अजून गावोगावी आहे. आई, वडील आणि मुले नेहमीच निम्मी जुळतात. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याच्या पद्धतीमुळे निम्म्या जुळणीचे प्रत्यारोपण आता रोजचे झाले आहे. त्याआधी रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. ज्या घरांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथे चुलत-मामे नात्यातही पूर्ण जुळणी सापडू शकते. डॉक्टरांना नात्यांचा आराखडा काढून दाखवा. संकोच करू नका. त्याखेरीज दात्री आणि डीकेएमएस यांसारख्या स्वेच्छा दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत, पण तिथे दाता शोधून पेशी हातात येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात.

आता सर्वात जास्त होणारी चूक. पेशंटला रक्त किंवा प्लेटलेट लागले की भाऊ, वडील, मुलगा बाही वर करून उभे राहतात. प्रेमापोटीच. पण पुढे ज्यांच्या पेशी घ्यायच्या, त्यांचेच रक्त आधी दिले तर रुग्णाचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि त्यांच्या पेशी रुजणे अवघड होते. नात्यातील रक्त किरणोत्सारित न करता (म्हणजे यंत्रात त्याला किरणे न देता) चढवले, तर त्यातील पांढऱ्या पेशीच रुग्णावर उलटण्याचा जीवघेणा धोकाही असतो. म्हणून घरच्यांनी बदली रक्तदान करावे, पिशवी मात्र परक्याची घ्यावी, तीही पांढऱ्या पेशी गाळलेली आणि २५ ग्रे मात्रेने किरणोत्सारित केलेली. हे यंत्र प्रत्येक रक्तकेंद्रात नसते. आधी फोन करून विचारा.

दात्याबद्दल गावात भीती मोठी: माणूस अधू होतो, पोरीचे लग्न जुळत नाही. यात तथ्य नाही. दात्याला जी-सीएसएफचे (मूलपेशी मगजातून रक्तात आणणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन किलोमागे १० मायक्रोग्रॅम या मात्रेने चार-पाच दिवस देतात. ६० किलोच्या माणसाला रोज ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०० च्या दोन बाटल्या. पाचव्या दिवशी चार-पाच तास यंत्राला जोडून रक्तातून पेशी वेगळ्या काढतात. रुग्णाच्या दर किलोमागे सुमारे ५० लाख पेशी हव्या असतात, २० लाखांच्या खाली काम अवघड होते. ६० किलोच्या रुग्णाला ३० कोटी. हाडे दुखतात, पॅरासिटामॉलने भागते, दोन-चार दिवसांत थांबते. प्लीहा थोडी सुजते, म्हणून आठ-पंधरा दिवस दात्याने पोती उचलू नयेत आणि पोटाला मार लागेल असे काम टाळावे.

विदर्भात आणखी एक तपासणी वगळता येणार नाही: सिकलसेल, हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. एसएस म्हणजे आजार असलेला, एएस म्हणजे नुसता वाहक. एसएस रुग्णाला जी-सीएसएफ दिल्यास गंभीर क्रायसिस (तीव्र वेदनांचा झटका) येऊ शकतो. एएस वाहक सहसा दाता होऊ शकतो, पण ते प्रत्यारोपण केंद्राला आधी माहीत हवे. नुसती सोल्युबिलिटी चाचणी एएस आणि एसएस वेगळे सांगत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तचाचणी करून घ्या.

पेशी रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की रुजल्या असे धरतात. पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळच राहावे लागते, तेव्हा खोलीभाडे आधीच हिशेबात धरा. याच काळात दात्याच्या पेशी रुग्णाच्या अंगावर उठू शकतात. तळहातावर-कानांवर लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, पिवळे डोळे यातले एकही दिसले तर त्याच दिवशी केंद्राला कळवायचे. हगवणीची गोळी घरी देऊन वाट पाहायची नाही. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकार दाबणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी तपासायला जाताना सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. आधी घेतली तर आकडा खोटा येतो. गावच्या डॉक्टरांनी सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिले तर ही पातळी धोकादायक वाढते, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते. पपनसही वर्ज्य. धुऊन सोललेले संत्रे चालते.

घरी परतल्यावरचा शत्रू बुरशी. कुटाराचा (भुशाचा) ढीग, ओलसर सरकी, शेणखताचा उकिरडा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू भरलेले असतात. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही, या रुग्णाच्या फुप्फुसात मात्र ते उगवतात. प्रतिकार दाबणारी औषधे सुरू असेपर्यंत त्याने मळणीच्या वेळी शिवारात जाऊ नये, कुटार भरलेल्या कोठ्यात झोपू नये. विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) कायमचा बंद. तोंडातील जखमा त्याने चिघळतात आणि प्रत्यारोपणानंतर तोंडाच्या कर्करोगाचा धोका आधीच वाढलेला असतो. ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवे. स्टेरॉइड चालू असेल तर ताप न येताही जंतुसंसर्ग असू शकतो. थंडी वाजली तरी पुरे. लहानपणच्या लसींचे संरक्षणही बरेचसे पुसले जाते. त्या पुन्हा घ्याव्या लागतात आणि गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षे झाल्याशिवाय नाहीत. घरातील बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे की इंजेक्शन, हे आशाताईंनी केंद्राला विचारून ठरवावे.

पैशांबद्दल थोडेच. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान सहायता निधी यांचे अर्ज तिथूनच सुरू होतात. कोल इंडियाची दहा लाखांची मदत योजना थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अॅनिमियासाठी आहे, ल्युकेमियासाठी नाही. त्यामागे दिवस घालवू नका. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

आरोग्य विभागाकडे तीन मागण्या आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत एचएलएचे नमुने घेऊन पाठवण्याची सोय करावी. किरणोत्सारित रक्त कोणत्या केंद्रात मिळते त्याची यादी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावी. आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे मराठी औषधपत्र व ताप आल्यास द्यायच्या पहिल्या इंजेक्शनचा साठा ठेवावा.

कळावे,
रक्तकर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करणारे परिचारक व समन्वयक,
नागपूर